साडेअकरा इंच दुखणं

टेलर मास्तरांनी कात्रीला हात लावून एकोणसाठ दिवस झाले होते. उजव्या हाताची तीन बोटं बधिर झाली, ऐन कापताना कात्री घसरली आणि एका नवरदेवाच्या कोटाची पाठ मधोमध फाडली गेली. तेव्हापासून मुंग्या तर होत्याच, पण कात्री नुसती दिसली तरी मनगटापासून कोपरापर्यंत कळ जायची. बायकोने कात्री कपाटात टाकली, तर कपाट पाहून कळ येऊ लागली. शेवटी बायको कापड बाहेरून कापून आणायची आणि मास्तर बटणं लावायचे. चाळीस वर्षांचं दुकान बटणांवर आलं होतं, आणि हे मास्तरांना आतून खात होतं.

आज बायको त्यांना दवाखान्यात घेऊन आली आणि डॉक्टरीणबाईंनी हाताला तारा लावून तपासणी केली.

“मनगटात नस थोडी दबलीय. रात्री पट्टा बांधा. पण त्या मानानं तुमचं दुखणं फार मोठं आहे. धसक्यानंही दुखणं वाढतं, मास्तर.”

“म्हणजे मी सोंग करतोय?”

“छे हो! दुखणं खरं आहे, धसकाही खराच आहे. शून्य ते दहात सांगा, किती दुखतं?”

“साडेअकरा.”

“दहाच्या पुढं नाहीये!”

“मग दीड शिलाईत दाबा.”

बायकोने कपाळाला हात लावला. सिस्टरने एक फॉर्म पुढे केला. त्यात झोपेचे, काळजीचे प्रश्न होते आणि खाली माणसाचं चित्र. दुखतं तिथे रंगवायचं.

‘कामाची भीती वाटते का?’ यापुढे मास्तरांनी तोऱ्यात ‘नाही’ लिहिलं. चित्रापाशी मात्र त्यांचं डोकं सणकलं.

“हे कुणी काढलंय? उजवा खांदा अर्धा इंच उतरलाय!”

“अहो, तुम्ही नुसतं रंगवा ना.”

मास्तरांनी पेनाने चित्रातला खांदा उचलला, मग बाहीचा मुंढा सुधारला.

“छापील फॉर्म आहे हा! खोडाखोड चालत नाही,” म्हणत सिस्टरने दुसरा दिला. त्यावर मास्तरांनी माणसाला कॉलर चढवली. सिस्टरने दात-ओठ खात तिसरा दिला.

“सिस्टर, याला दुरुस्ती नाही. हा माणूस नव्यानंच बेतायला हवा.”

मास्तरांनी कागदाची उभी घडी घातली, टेबलावर चाचपडून हाताला लागलं ते उचललं आणि करकर कापत सुटले. सिस्टर ओरडणार, तोच बायकोने तिच्या तोंडावर हात दाबला.

मास्तरांनी घडी उलगडली. दोन्ही खांदे एका रेषेत! त्यांनी विजयी मुद्रेने वर पाहिलं, तर तिघीजणी टक लावून बघत होत्या आणि बायकोचे डोळे भरले होते.

“काय गं? कुणी गेलं की काय?”

“अहो, हातात काय आहे बघा तरी!”

हातात पट्ट्या कापायची कात्री होती. मास्तर गारच पडले. कळ मनगटातून निघाली, कोपराकडे सरकली. पण मास्तरांनी कात्री सोडली नाही. उलट डॉक्टरीणबाईंकडे निरखून पाहिलं.

“तुमच्या कोटाचाही डावा खांदा पडलाय, बाई. उद्या दुकानात या, नवा शिवून देतो. कापड मी स्वतः कापणार.”

“जरूर! आता किती दुखतंय?”

मास्तरांनी बोटं हलवली. मुंग्या जागच्या जागी होत्या.

“चार.”

“आणि शिलाईत किती दाबलं?” बायकोने विचारलं.

“काही नाही. अंगाबरोबर माप आहे.”

मग त्यांनी पहिला फॉर्म परत मागून घेतला, ‘नाही’वर काट मारली आणि ठसठशीत अक्षरात लिहिलं, ‘वाटत होती.’ सिस्टरने या खोडाखोडीसकट फॉर्म फाइलला लावला.