व्हॉल्व्हवर घातलेलं नाव

जुनी फियाट घेतली तेव्हा मी एवढंच ठरवलं, की व्हॉल्व्ह आपण घरीच साफ करायचे. (माझे बहुतेक घोळ 'एवढंच' या शब्दापासून सुरू होतात.)

घाई होती ती सासऱ्यांसाठी. भीमरावमामांनी अंबरनाथच्या कारखान्यातली सगळी नोकरी सायकलवर केली. बुद्धपौर्णिमेला बदलापूरच्या विहारासमोर, जुन्या सोबत्यांच्या देखत, जावयाच्या गाडीतून उतरायचं ही त्यांची इच्छा. आणि गाडी तर साध्या चढावरही धापा टाकत होती.

मी पुस्तक आणलं, इंजिनाचं हेड उतरवलं आणि आठही व्हॉल्व्ह विठ्ठलवाडीच्या आमच्या ओट्यावर मांडून बायकोला, अंजनाला, समजावलं, "हे मोठ्या डोक्याचे चार, इनटेक. पेट्रोल आणि हवा आत घेतात. हे लहान, भाजून राखाडी पडलेले, एक्झॉस्ट. जळका धूर बाहेर सोडतात."

"म्हणजे मोठ्या डोक्याने नुसतं घ्यायचं आणि लहानाने भाजत राहायचं," ती म्हणाली. "आपल्या घरासारखंच."

मी विषय बदलला. रॉकेलने काजळी काढली, काठ पेस्टने घासून चकचकीत केले. पण प्रत्येकाची जागा ठरलेली, आणि स्वच्छ झाल्यावर चारही इनटेक जुळे भाऊ दिसायला लागले.

"अहो, नाव घाला की त्यांच्यावर," अंजना म्हणाली. "चाळीत माझी एक वाटी तरी हरवली का आजवर?"

उल्हासनगरात भांड्यांच्या दुकानाबाहेर जनू नावं घालायला बसायचा. त्याने व्हॉल्व्ह उलटासुलटा करून पाहिला.

"शेट, हे कुठलं भांडं?"

"गाडीचं आहे. याच्यावर इनटेक एक, याच्यावर दोन, असं घाल."

"नुसता नंबर? मालकाचं नाव नको?"

मलाही मोह झाला. "घाल. काठावर घाल, तिथे अक्षर उठून दिसेल."

दिसलं खरं. शं. सो. भालेराव, इनटेक ३.

इंजिन जोडलं, किल्ली फिरवली. नुसतं फुसफुसलं. मग मी पुस्तकाचं पुढचं पान वाचलं. व्हॉल्व्ह काठावर बसतो, तिथूनच हवा अडते, तिथे ओरखडासुद्धा चालत नाही. (माझ्या नावाच्या प्रत्येक अक्षरातून हवा पळत होती.)

पौर्णिमेच्या सकाळी मामा पांढरे कपडे कडक इस्त्री करून आले. मी सगळं सांगितलं. आयुष्यात इतकी लाज कधी वाटली नव्हती. त्यांनी मी पुन्हा उतरवून ठेवलेल्यांतला एक व्हॉल्व्ह उचलला, नाव सावकाश वाचलं, "अक्षर छान आहे," म्हणाले आणि तो खिशात टाकला. आम्ही रिक्षाने गेलो.

विहारासमोर त्यांचे जुने सोबती सोमा भेटले. "जय भीम, भीमराव. तू तर गाडीतनं येणार होतास ना?"

"गाडी हाय. आज बंद हाय," मामांनी व्हॉल्व्ह काढून पुढे धरला. "हा तिचा इनटेक."

तो हातोहात फिरला. जन्मभर लोखंड हाताळलेल्या माणसांनी तो तोलून पाहिला, आणि मामा ताठ उभे होते. वाटलं, चुकलो खरा, पण म्हाताऱ्याची शान राहिली.

तेवढ्यात सोमांनी चष्मा लावला. "काठावर कोरलंय? भीमराव, हा भालेराव मेकॅनिक पहिला बदल."

मामांनी व्हॉल्व्ह परत खिशात ठेवला.

"आता कसा बदलू? पोरगी दिलीय त्याला."