कूलरगाडी कोणी पळवली?

“लिही,” लटारूमामा म्हणाला, “विदर्भाची तिसरी नजर.”

मी टाइप केलं.

“त्याच्या खाली लिही, सूक्ष्म निरीक्षण, पोलादी हिंमत, बर्फासारखं डोकं. गुप्तहेर लटारू गुरनुले. ज्याचं नाव ऐकून गुन्हेगार झोपेत दचकते.”

“मामा, गुन्हेगारायले तुह्यं नाव मालूम हाय काय?”

“फ्लेक्स लागला की होईन.”

ऊर्जानगर या वीज केंद्राच्या वसाहतीच्या फाटकाबाहेर माझं झेरॉक्सचं दुकान आहे. त्यात लॅमिनेशनच्या मशीनशेजारी एक खुर्ची आहे. त्या खुर्चीला मामा ‘मुख्य कार्यालय’ म्हणतो. चंद्रपूर जिल्ह्यातला आपण एकमेव गुप्तहेर आहोत असं तो सांगतो, आणि ते खोटं ठरवायला दुसरा गुप्तहेर नसल्यामुळे मी गप्प बसते. त्याआधी तो गडचांदूरकडच्या एका चुनखडीच्या खाणीवर अठरा वर्षं चौकीदार होता. त्या अठरा वर्षांत अख्खी टेकडी ट्रकात भरून निघून गेली, पण एकही दगड चोरीला गेला नाही, याचा त्याला आजही अभिमान आहे.

गुप्तहेर म्हणून त्याची सर्वांत गाजलेली केस म्हणजे एका बाईची हरवलेली कोंबडी. तपास इतका सखोल झाला, की तो पूर्ण होईपर्यंत कोंबडी नऊ पिल्लं घेऊन आपणहून घरी आली. मामाने वहीत लिहिलं, ‘गुन्हेगार शरण. साथीदारांसह.’

मी त्याची सहायक. हे पद मी मागितलेलं नाही. वही माझी, पेन माझा आणि स्कूटी माझी, एवढ्या पात्रतेवर ते मला मिळालं.

तर मे महिन्यातला शनिवार होता. साडेअकरा वाजले होते आणि बाहेर ऊन असं होतं, की रस्त्यावरचं कुत्रंसुद्धा एटीएमच्या आत झोपलं होतं. तेवढ्यात हरिदास खोब्रागडे दुकानात आले. हरिदासभाऊ रिटायर फिटर. आयुष्यभर नटबोल्टशी बोलल्यामुळे माणसांशी कमी बोलतात. त्यांनी जयभीम घातला, बाकावर बसले आणि म्हणाले, “गाडी गेली.”

मामाने खुर्ची सरळ केली. “कोणती गाडी?”

“कूलरगाडी.”

कूलरगाडीबद्दल सांगायला हवं. सात महिन्यांपूर्वी हरिदासभाऊंनी घरातला जुना पत्र्याचा कूलर आडवा पाडला आणि त्याच्या पोटात लुनाचं इंजिन बसवलं. मागची चाकं भंगारातल्या स्कूटरची, पुढची दोन लहान मुलांच्या सायकलींची. बसायला पाय कापलेली प्लॅस्टिकची खुर्ची. कुल्फीवाल्याचा भोंपू. आणि कूलरचा पंखा त्यांनी काढला नव्हता. पट्टा लावून तो इंजिनाला जोडला होता, त्यामुळे इंजिन चालू असेपर्यंत चालवणाऱ्याच्या तोंडावर वारा येई. बाजूच्या जाळीत ओलं गवतही होतं. अख्ख्या वस्तीने या गाडीची टिंगल केली होती. सगळ्यांत जास्त हरिदासभाऊंच्या बायकोने, रुखमाबाईंनी. त्यांच्या मते आधी घरात एक भंगार होतं, आता दोन झाली.

पण त्या दिवशी चार वाजता जवळच्या एका खाजगी आयटीआयच्या मैदानावर ‘टाकाऊतून वाहन’ अशी स्पर्धा होती. तिचा फॉर्म मीच भरला होता. हरिदासभाऊंच्या जुन्या सोबत्यांपैकी निम्मे तिथे हसायला येणार होते, आणि त्यांना हसू द्यायचं नाही, एवढ्यासाठी हा माणूस सात महिने पत्रा ठोकत होता.

“सकाळी नऊ वाजता मी चंद्रपूरले गेलो. नंबरचं स्टिकर आणाले,” ते म्हणाले. “अकराले आलो तं शेड रिकामी.”

स्टिकर त्यांच्या हातात होतं. सात नंबर. ते त्यांनी इतकं घट्ट धरलं होतं, की त्याला बोटांचा घाम लागला होता.

मामा उठला. “मंजुषा, वही.”

घटनास्थळ म्हणजे हरिदासभाऊंच्या ओट्याला लागून असलेली टिनाची शेड. मामा आत शिरला, चारी बाजूंनी पाहिलं आणि गंभीरपणे म्हणाला, “गाडी इथी नाई.”

मी लिहून घेतलं.

“घरात कोन कोन राह्यते?”

“मी आन् रुखमा. ती आत असन. कुठी जाते, दोन वर्षं झाले, गुडघे कुठी हायेत तिले.” हरिदासभाऊंनी आवाज खाली आणला. “तिले जास्त इचारू नका. सकाळीच आमचं वाजलं. ती बोलून नाई राह्यली माह्याशी.”

“कशावरून वाजलं?” मी विचारलं.

“मंजुषा,” मामा म्हणाला, “घरगुती गोष्टी तपासात येत नाईत.”

मग त्याने लोटलेल्या दाराजवळ तोंड नेलं. “रुखमावहिनी, तुम्ही कोनाले पाह्यलं काय?”

आतून आवाज नाही.

“भेव नका. आम्ही हाव.”

आवाज नाही. मामाने सावकाश मान हलवली आणि मला सांगितलं, “लिही. साक्षीदार क्रमांक एक, बोलण्यास नकार. मानसिक धक्का.”

नवऱ्याच्या कूलरगाडीने त्यांना मानसिक धक्का बसावा असं मला वाटलं नव्हतं, पण मी सहायक आहे. मी लिहिलं.

पहिला संशय भंगारवाल्या सुनिलवर. लुनाचं इंजिन आणि चाकं त्यानेच विकली होती. मामाचा सिद्धांत असा, की सुनिल सामान विकतो, गिऱ्हाइकाकडून जोडून घेतो आणि मग जोडलेलं चोरतो. आम्ही गेलो तेव्हा सुनिल एका फ्रीजच्या सांगाड्याच्या सावलीत झोपला होता.

“सकाळी नऊ ते अकरा कुठी होता?” मामाने विचारलं.

“इथीच.”

“साक्षीदार?”

सुनिलने फ्रीजकडे बोट दाखवलं.

“गाडी तूच नेली.”

“लटारूभाऊ,” सुनिल उठायचीही तसदी न घेता म्हणाला, “ते इंजिन चार वर्षं माह्या छातीवर होतं. कोनी घेऊन नाई राह्यलं होतं. हरिदासभाऊने नेलं त्या दिवशी मी पेढे वाटले. ते वापस आनाले मले काय कुत्रा चावला?”

त्यात तथ्य होतं. मामाने ‘संशयित अति हुशार’ असं लिहायला सांगितलं.

दुसरा संशय राजदीपवर. राजदीप हा इंजिनिअरिंग झालेला, नोकरी शोधणारा मुलगा, आणि स्पर्धेतला प्रतिस्पर्धी. त्याने वॉशिंग मशीनची मोटर वापरून गाडी केली होती. मामा त्याच्या अंगणात गुप्तपणे शिरला, म्हणजे फाटक न वाजवता बादलीला लाथ मारली.

“प्रतिस्पर्ध्याची गाडी गायब केली की पहिला नंबर नक्की,” मामा म्हणाला. “हा हेतू झाला.”

राजदीपने आमच्याकडे थकलेल्या डोळ्यांनी पाहिलं आणि गाडीचं बटण दाबलं. गाडी जागची हलली नाही. तिची सीट मात्र गरगर फिरायला लागली.

“काका, तीन दिवस झाले ही अशीच करते. मी बसलो होतो तेव्हा पन केलं,” तो म्हणाला. “मले पहिला नंबर नको. मले फक्त सरळ तोंड करून मैदानात जायचं हाय.”

एक वाजला. हरिदासभाऊ शेडच्या दाराशी तसेच उभे होते. मी पाणी दिलं, ते हातातच राहिलं. “आता राहू द्या,” ते म्हणाले. “नसली तं नसली. लोकं हसतीन, अजून काय.”

तेव्हा मात्र मला मामाची केस ही खरी केस वाटायला लागली. मी खाली पाहिलं. शेडपासून रस्त्यापर्यंत धुळीत थेंब पडून गेल्याचे ठिपके होते, एका ओळीत, पुढच्या वळणापर्यंत.

“मामा, हे पाह्य.”

मामा वाकला. ठिपके पाहिले, वास घेतला आणि त्याचा चेहरा उतरला. “वाघ,” तो म्हणाला.

“काय?”

“वाघ अशीच हद्द आखते.”

आमच्याकडे वाघाचं नाव कोणी गमतीत घेत नाही. पण हरिदासभाऊंनासुद्धा राहवलं नाही. “लटारूभाऊ, वाघ गाडी काऊन नेईन?”

“पंचेचाळीस डिगरी हाय,” मामा म्हणाला. “गाडीत कूलर हाय. या उन्हात माणसाचं डोकं चालत नाई, तो तं जनावर हाय.”

आणि ठिपके ज्या वळणाकडे जात होते त्याच्या बरोबर उलट दिशेला त्याने मला स्कूटी काढायला लावली. पोलादी हिंमत म्हणतात ती हीच.

त्या उलट्या दिशेला कडुनिंबाखाली मंगलीबाई टेंभरं, म्हणजे टेंभुर्णीची फळं, विकत बसते. मामाने तिला तपासाच्या सुरुवातीलाच एकदा विचारलं होतं. आता मी थांबले ते फक्त पाणी प्यायला.

“सापडली काय गाडी?” मंगलीबाईने विचारलं.

“नाई.”

“मंग रुखमाबाई चक्कीवर काहावर बसून हाय?”

मी तांब्या खाली ठेवला. “कोन?”

“रुखमाबाई. सव्वानऊले गेली ना त्या समोरच्या चौकातून, भोंपू वाजवत. मी हात केला तिले. तिनं पन केला. चक्कीवरून आलेल्या बाया सांगून राह्यल्या, अजून तिथीच हाय.”

“मग मगाशी मामाले काऊन नाई सांगतलं?” मी विचारलं.

“त्यानं इचारलं, कोनी अनोळखी माणूस गाडी नेताना दिसला काय. रुखमाबाई अनोळखी हाय काय?” मंगलीबाईने टेंभरं चाळवली. “चाळीस वर्षं झाले ओळखून राह्यली मी तिले.”

मामा हे ऐकत होता. त्याने घसा साफ केला. “लिही,” तो म्हणाला, “खबरीकडून महत्त्वाचा धागा.”

हरिदासभाऊंना घेऊन आम्ही चक्कीवर पोहोचलो. चक्की वळणाच्या पलीकडे, चढ संपतो तिथे आहे. चिंचेच्या सावलीत कूलरगाडी उभी होती, इंजिन धडधडत होतं, पंखा गरगरत होता, जाळीतल्या गवतातून पाण्याचे थेंब धुळीत ठिबकत होते, आणि दळणाला आलेल्या सात-आठ बाया त्याच्यासमोर पदर सैल करून हवा खात बसल्या होत्या. मध्ये, पाय कापलेल्या खुर्चीवर, रुखमाबाई. मांडीवर पिठाचा डबा. चक्कीवाली कमळाबाई त्यांच्याशी इतकी रंगून बोलत होती, की चक्कीतला गहू संपून नुसता दगड वाजत होता.

हरिदासभाऊंना पाहून सगळ्यांनी पदर सावरले.

“दळण आनाले आलती,” रुखमाबाई म्हणाल्या. “तीन दिवस झाले सांगून राह्यली, पीठ संपलं. तुम्ही म्हनता स्पर्धा होऊ दे. सकाळी पन तेच म्हनले. मंग मी ओट्यावरून सरकली आन् खुर्चीत बसली.”

वाजलं होतं ते यावरून. मामाच्या मते जी गोष्ट तपासात येत नव्हती ती.

“दळण कव्हा झालं?” हरिदासभाऊंनी विचारलं.

“साडेदहाले.”

“आता दोन वाजून राह्यले. घरी काऊन नाई आली?”

रुखमाबाईंनी डब्यावरचं पीठ बोटाने पुसलं. “दोन वर्षं झाले, आपल्या घराची भित पाहून राह्यली मी. इथी माणसं हायेत.”

मला वाटलं, आता हरिदासभाऊ रागावणार. ते गाडीभोवती एक चक्कर मारून आले, खाली वाकून चाकं पाहिली, इंजिनाला कान लावला. मग त्यांनी चढाकडे पाहिलं आणि बायकोकडे.

“चढावर कशी आनली? माह्याकडून तं हमेशा बंद पडते.”

“चोक अर्धा ओढला.”

“अर्धा?”

“तुम्ही पुरा ओढता. म्हनून मरते ते. सात महिने खिडकीतून पाहून राह्यली ना मी. दहादा सुरू करा, दहादा बंद पाडा. मले दुसरं काय काम होतं?”

हरिदासभाऊंनी चोक अर्धा ओढून पाहिला. इंजिनाचा आवाज एकदम मऊ झाला. चाळीस वर्षं फिटर असलेल्या माणसाचा चेहरा तेव्हा कसा झाला ते मला नीट सांगता येणार नाही. त्यांनी खिशातून सात नंबरचं स्टिकर काढलं आणि सुरकुती न पाडता, हाताने दाबत, गाडीच्या पत्र्यावर चिकटवलं.

“म्हणजे,” मामा पुढे येऊन म्हणाला, “मी म्हनत होतो तेच निघालं. घरातल्या माहितगार माणसाचं काम.”

असं तो कधीही म्हणाला नव्हता. वहीत वाघ होता. पण बायांचं हवा खाणं इतका वेळ चाललं होतं, की गाडीतलं पेट्रोल संपत आलं होतं. ते माझ्या स्कूटीतून काढण्यात आलं, म्हणून वाद घालायला मला वेळ मिळाला नाही.

चार वाजता मैदानावर आठ गाड्या होत्या. राजदीपच्या गाडीची सीट त्याने दोरीने बांधली होती. हरिदासभाऊंचे सोबती सावली धरून बसले होते, हसायच्या तयारीत. नियम सोपा होता. तीन फेऱ्या मारायच्या आणि चुन्याच्या रेघेवर थांबायचं. चालवणारा कोणीही चालेल.

“तूच चालव,” हरिदासभाऊ रुखमाबाईंना म्हणाले.

“मी? एवढ्या लोकांत?”

“माह्याकडून पुरा चोक ओढल्या जाते.”

पहिल्या फेरीला सोबती हसले. दुसऱ्या फेरीला एकाने विचारलं, या पंख्याचा वारा खरंच लागते काय. तिसऱ्या फेरीला ते उठून उभे राहिले. रुखमाबाई चुन्याच्या रेघेवर आल्या, परीक्षक सरांनी झेंडा खाली केला, आणि गाडी त्यांच्यासमोरून तशीच पुढे गेली. मैदानाचं फाटक उघडं होतं. गाडी त्यातून बाहेर पडली आणि रस्त्याला लागली.

परीक्षक सर पळत आले. “काका, तुमच्या गाडीला ब्रेक नाही का?”

“ब्रेक हाय सर,” हरिदासभाऊ म्हणाले. “दोन हायेत. तिले थांबायचं नाई.”

सरांनी कागदावर सात नंबरपुढे ‘बाद’ लिहिलं. ते हरिदासभाऊंनी पाहिलंसुद्धा नाही. ते फाटकात जाऊन उभे राहिले होते, रस्त्याकडे कान देऊन.