ऑलमोकेचा पिवळा ट्रे

"आठ दिवसांत इंग्रजीला एक नवा शब्द देऊन दाखवते! लिहून घे!"

ऋताने ही घोषणा केली ती भोसरीतल्या एका गिअरच्या वर्कशॉपच्या कॅंटीनमध्ये. ऐकायला होता एकटा समाधान, लेथवरचा ऑपरेटर, आणि त्याचं सगळं लक्ष मटकीच्या उसळीत!

"इंग्रजीला काय कमी पडलंय का मॅडम?"

ऋता फिजिक्सची पदवीधर, तपासणी विभागात प्रोबेशनवर. तीन आठवड्यांनी चाकणच्या बड्या ग्राहक कंपनीचं ऑडिट होतं. ते स्वच्छ पार पडलं की कायम झाल्याचं पत्र, असं वर्कशॉपचे मॅनेजर सुरेंद्र साहेबांनी कबूल केलं होतं आणि ही बातमी काळेवाडीत तिच्या आईने अख्ख्या बिल्डिंगला आधीच वाटून टाकली होती. अशा वेळी माणसाने मुकाट मायक्रोमीटर पुसत बसावं. पण ऋताच्या डोक्यात नवीन शब्द कसे तयार होतात, हा किडा शिरला होता.

"अरे, शब्दांचंही वर्कशॉपच असतं! कटिंग बघ. 'फॅब्युलस'चं शेपूट छाटलं, 'फॅब' उरला. वेल्डिंग बघ. 'ब्रेकफास्ट'चं नाक, 'लंच'चं धड, झाला 'ब्रंच'! आता माझा ऐक. 'ऑलमोस्ट' आणि 'ओके'. दोन मायक्रॉनने नापास झालेला, जरा घासला की पास होणारा गिअरचा जॉब म्हणजे 'ऑलमोके'!"

"बरं," समाधान म्हणाला. "पाव खाताय का तो?"

दुपारी तिने प्रयोग सुरू केला. फोरमन आबाजींच्या हातात एक गिअर ठेवून ती सहज म्हणाली, "आबाजी, हा ऑलमोके आहे हं!"

आबाजींनी मान डोलावली. "व्हय की!"

अर्थ त्यांनी विचारला नाही. का विचारतील? या पट्ट्यात ग्राहक कंपन्या महिन्याला एक नवा शब्द धाडतात, कधी 'काइझेन', कधी 'पोका-योके'. अर्थ विचारणारा अडाणी ठरतो. शब्द आला की जमिनीवर पट्टी रंगवायची, ट्रे ठेवायचा, पाटी लावायची, हा इथला शिरस्ता! दुसऱ्या दिवशी पिवळी पट्टी आली. तिसऱ्या दिवशी पिवळा ट्रे. चौथ्या दिवशी शिफ्टच्या रजिस्टरमध्ये 'ऑलमोके' नावाचा रकाना!

ऋताच्या वहीतली नोंद अशी: 'पहिला दिवस, वापर एक (मीच). तिसरा दिवस, वापर एकोणीस. पाचवा दिवस, मोजणं सोडलं.'

तिचा आनंद टिकला तो ट्रेमध्ये डोकावेपर्यंत. दोनशे चौदा गिअर! घासायला एकही गेला नव्हता. ज्याच्याबद्दल कोणाला निर्णय घ्यायचा नव्हता ते सगळं ट्रेमध्ये येऊन पडलं होतं. त्यात एक हातमोजा, एक फुटका चष्मा आणि कुणाचातरी रजेचा अर्जसुद्धा!

ती धावत सुरेंद्र साहेबांकडे गेली. "सर, ऑलमोके हा खरा शब्द नाहीये!"

"खरा नाही? अहो, त्याला नंबर आहे! पी-सत्तेचाळीस!" साहेबांनी फाइल आपटली. हा शब्द ग्राहकाने मेलवर कळवला असणार आणि तो मेल आपण वाचायचा राहिला, असं समजून ते झाकायला त्यांनी स्वतः चार पानी कार्यपद्धती लिहून काढली होती! "पोका-योके जपानी, काइझेन जपानी, तसा हाही जपानी. काल तुम्ही चाकणला मापं दाखवायला गेलात तेव्हा आबाजींनी सगळ्यांचं ट्रेनिंग आणि लेखी परीक्षाही घेतली. अडतीस सह्या आहेत! ऑडिटच्या तोंडावर भलतं काही बोलू नका."

ऋता परत मायक्रोमीटर पुसायला गेली. पत्र हवं होतं ना!

दोन आठवड्यांनी चाकणहून ऑडिटला आल्या अरुंधती मॅडम. त्या खाली वाकल्या की साहेबांचा रक्तदाब वर चढायचा. पिवळ्या ट्रेपाशी त्या थांबल्या.

"हे काय?"

साहेबांनी आबाजींकडे पाहिलं. आबाजींनी छताकडे पाहिलं. आता हे सगळे आपल्यापायी बुडणार, या विचाराने ऋताला राहवेना. ती पुढे झाली. "मॅडम, चूक माझी आहे. हा शब्द मी बनवलाय. गंमत म्हणून."

मॅडमनी पी-सत्तेचाळीस उघडून चारही पानं वाचली. कुठलाही शब्द आपल्याला ठाऊक नाही असं म्हणणारा ऑडिटर अजून जन्माला यायचाय! "छान! आमच्याकडच्या ऑलमोकेपेक्षा हा बराच सुटसुटीत आहे," त्या म्हणाल्या. "सगळ्यांचं ट्रेनिंग झालंय. फक्त एकच सही नाही. ऋता तुम्हीच ना? म्हणजे ट्रेनिंग न घेता तुम्ही ऑलमोके हाताळताय?"

"पण मॅडम, मीच तर तो..."

"तेच लिहितेय मी."

अहवालात एकच दोष निघाला: 'ऑलमोकेचं ज्ञान नसलेली एक व्यक्ती आढळली.' साहेबांनी त्याच दुपारी ऋताची लेखी परीक्षा लावली. पास झाली तर पत्र. पेपर काढणारे आणि तपासणारे, आबाजी!

प्रश्न पहिला: ऑलमोके कुठल्या भाषेतला शब्द? तिने लिहिलं, इंग्रजी. बरोबर उत्तर, जपानी. प्रश्न दुसरा: ऑलमोके जॉबचं काय करावं? तिने लिहिलं, घासून दुरुस्त करावा. बरोबर उत्तर, ऑडिट होईपर्यंत हात लावू नये. दहापैकी दोन मार्क! तेही अक्षर चांगलं म्हणून!

"समाधान, तू तरी सांग ना! तुला मी कॅंटीनमध्ये सगळं समजावलं होतं! तू काय लिहिलं होतंस?"

"जपानी," समाधान म्हणाला. "मॅडम, ट्रेनिंगमध्ये जे सांगतात तेच लिहायचं असतं."

प्रोबेशन तीन महिन्यांनी वाढलं. शेरा होता, 'विषय कच्चा.' आता आईला काय सांगायचं, या विवंचनेत ती मायक्रोमीटर पुसत बसली, तेव्हा आबाजी शेजारी येऊन टेकले.

"रडू नगं पोरी. कालेजात ह्ये शिकवत न्हाईत, त्याला तू काय करणार? उद्यापासनं जेवणाच्या सुट्टीत माझ्यापाशी बसत जा. सोपं हाय!"

ऋताने नाक पुसलं आणि वहीचं कोरं पान उघडलं.

"कितीला येऊ, आबाजी?"