मिस्त्रींनी आवळलेला बोल्ट

गवत कापायच्या यंत्राचं हेड, म्हणजे पातं फिरवणारी ॲल्युमिनियमची डबी, बसवताना मिस्त्रींनी शेवटचा बोल्ट आवळला, आणखी थोडा आवळला, आणि आतून टक् असा बारीक आवाज आला. त्यानंतर बोल्ट नुसताच गरगरा फिरायला लागला. भोकातले ॲल्युमिनियमचे आटे गेले होते. मिस्त्री मात्र समाधानाने हात पुसत म्हणाले, "झालं. आता कुणाच्या बापाला सुटायचा नाही हा."

दाराशी बसलेल्या मिस्त्रीणबाईंनी ते टक् ऐकलं होतं. अर्धांगाचा झटका येऊन गेल्यापासून मिस्त्रींच्या उजव्या हाताला काही समजत नव्हतं. डॉक्टरांनी बाईंना बाजूला घेऊन बजावलं होतं, की त्यांना काम करू द्या, मन खचू देऊ नका, दुसरा झटका निभावणार नाही. अशा माणसाला 'तुमचा हात कामातून गेलाय' असं सांगायचं म्हणजे त्याला आपणच पोचवण्यासारखं होतं.

म्हणून मिस्त्रींचा डोळा लागल्यावर बाई ते हेड पिशवीत घालून लेथवाल्याकडे गेल्या. त्याने समजावलं, की भोक जरा मोठं करायचं, नवे आटे पाडायचे आणि त्यात स्प्रिंगसारखी दिसणारी पोलादी तारेची कॉइल फिरवत बसवायची. मग बोल्ट पोलादाला धरतो. बाईंनी त्याच्याकडून ड्रिल मागून आणलं आणि स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं. पहिल्याच खेपेला ड्रिल तिरकं गेलं आणि एक भोक पलीकडून बाहेर आलं. ते कंपनीतूनच तसं आल्याचं त्यांनी गिऱ्हाइकाला तोंड वर करून सांगितलं.

पण बाईंचा हात बसल्यावर भलतंच झालं. पोलादी आटे मुळातल्या ॲल्युमिनियमपेक्षा भक्कम निघाले. मिस्त्रींनी आवळलेलं यंत्र खिळखिळं होत नाही, अशी बोलवा झाली आणि लोक लांबून यंत्रं आणायला लागले. जितकी यंत्रं जास्त, तितके मिस्त्री आवळणार, तितके आटे जाणार आणि तितकं बाईंचं स्वयंपाकघर चालणार. साखरेच्या डब्यात ॲल्युमिनियमचा चुरा सापडायला लागला. बाईंना मान वर करायला फुरसत उरली नाही. नाहीतर पूर्वी त्या दिवसभर मिस्त्रींची छाती वरखाली होतेय ना, तेवढंच बघत बसायच्या.

मग एक दिवस बागांची कंत्राटं घेणारा एक गृहस्थ आला. आपली सगळी यंत्रं त्याला मिस्त्रींकडेच द्यायची होती, पण पहिलं काम तो स्वतः समोर बसून बघणार होता. बाईंनी पार्ट आले नाहीत म्हणून सांगितलं. ते त्याने बरोबर आणले होते. मिस्त्रींना बरं नाही म्हणून सांगितलं, तर मिस्त्री आतून पाना घेऊनच बाहेर आले.

कंत्राटदार स्टुलावर बसला. मिस्त्रींनी बोल्ट लावला. बाई चौकटीला धरून उभ्या राहिल्या. आता टक् होणार, या माणसासमोर मिस्त्रींना सगळं कळणार, आणि मग डॉक्टर म्हणाले तेच होणार. पाना फिरला. आणखी फिरला. आणि जिथे थांबायला हवा, नेमका तिथे थांबला. एकामागून एक सगळे बोल्ट तसेच बसले. कंत्राटदार खूश होऊन गेला.

"कधीपासून?" बाईंनी विचारलं.

"काय?"

"हात."

मिस्त्रींनी पाना पुसायला घेतला. "झाले की बरेच महिने."

"मग ते सगळे आटे?"

"मुद्दाम."

बाईंचा संताप झाला. त्यांनी तापलेल्या ड्रिलने भाजलेली बोटं दाखवली, गिऱ्हाइकांशी किती खोटं बोलले ते सांगितलं, आपल्याच घरात चोरासारखी वावरले म्हणून सुनावलं.

"माहीत होतं," मिस्त्री म्हणाले. "ड्रिलचा आवाज काय मला मिक्सरचा वाटणार होता?"

"पण का?"

"तू कामात असलीस की माझ्याकडे बघत नाहीस. तू तशी बघत बसलीस ना, की मला वाटतं, मी गेलोच आहे, फक्त मला कुणी सांगितलेलं नाही."

बाईंना हसू आलं आणि लगेच रडूही आलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी ड्रिल स्वयंपाकघरातून काढलं आणि मिस्त्रींच्या टेबलाच्या दुसऱ्या टोकाला मांडलं. पोलादी आटे तर गिऱ्हाइकांना हवेच होते. आता चोरी कसली? टक् झालं की बाई मान खाली घालूनच विचारायच्या, "मुद्दाम?" मिस्त्री म्हणायचे, "मुद्दाम." आणि हेड बाईंकडे सरकवायचे. बरेच दिवस दोघांचं मजेत चाललं.

एका सकाळी असंच टक् झालं.

"मुद्दाम?"

मिस्त्रींच्या हातातून सुटून पाना टेबलावर पडल्याचा आवाज झाला. मग मिस्त्री हळूच म्हणाले, "मुद्दाम."

बाईंनी मान वर केली नाही. हात लांब करून त्यांनी ते हेड आपल्याकडे ओढलं आणि भोक मोठं करायला घेतलं.