अहिरे मास्टरांचं कार्थेज

कारखान्यात नवा कारागीर आला की अहिरे मास्टर त्याच्या हातात जीन्सची एक चिंधी देत. "बोल, यात किती जमीन मावेल?" तो गोंधळला की मास्टर कात्रीने चिंधीच्या सुतळीएवढ्या पट्ट्या काढत, एकीपुढे एक लावत आणि अख्ख्या टेबलाला वेढा घालत. "एलिसा राणीला एका बैलाच्या कातड्यात मावेल एवढीच जमीन मिळणार होती, तिने त्याच्या अशाच पट्ट्या करून टेकडी घेरली. कार्थेज असं वसलं, राजा!"

उल्हासनगर कॅम्प तीनमधल्या त्या जीन्सच्या कारखान्यात मास्टर कापड कटिंगला, मी सुपरवायझर. त्यांची शाळा सातवीत सुटलेली. रद्दीतल्या एका पुस्तकाने त्यांना आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या त्या जुन्या राजधानीचं वेड लावलं. जेवताना भाताला गोल आळं करून त्यात वरण ओतत, ते कार्थेजचं बंदर. मधला भाताचा गोळा म्हणजे आरमाराचं बेट. रोमन लोकांनी शहर जाळून तिथे मीठ पेरलं, असं कोणी म्हटलं की भडकत. "थाप आहे! मीठ काय फुकट येतं?"

मला एकदा गंमत सुचली. बदलापूरच्या एका कॉलेजच्या नावाने मी त्यांना खोटं पत्र पाठवलं: रविवारी अकरा वाजता कार्थेजवर आपलं व्याख्यान. रविवारी कॉलेज बंद असतं, म्हणूनच तो वार निवडला. मास्टर शिव्या घालत परत येतील, आपण हसू, एवढाच बेत.

सोमवारी मास्टर पेढ्यांचा बॉक्स घेऊन आले.

"कसं झालं व्याख्यान?" मी विचारलं. मागे, बेत माहीत असलेल्या दोघातिघा कारागिरांनी हसू दाबलं.

"हॉल फुल होता," मास्टर कापडाकडे बघत म्हणाले. "पेढे घरवालीने दिलेत. कालपासून चाळभर सांगत फिरतेय, सातवीवाला कॉलेजात बोलून आला म्हणून."

मी तिथेच थांबायला हवं होतं. "मुलांनी काही विचारलं?"

मास्टरांनी कापडाची घडी सरळ केली.

"एका मुलीने विचारलं. म्हणाली, शहर जळलं, पण जी माणसं वाचली त्यांचं काय झालं?"

"मग?"

"म्हटलं, गुलाम म्हणून विकली, बाळा. त्यांची नावं कोणी लिहून नाही ठेवली."

मागचं हसू थांबलं होतं. मास्टरांनी बॉक्स उघडून माझ्यापुढे धरला. "तुम्ही लोक इतकी वर्षं माझी बडबड ऐकता ना, साहेब, म्हणून बोलायला जमलं."

मी पेढा घेतला, आणि त्यांचं अभिनंदन केलं.