बदला, पण आधी सांगा

आमच्या गल्लीत कोणी मिशी काढली, की ती गेल्यावर कळतं. खिल्लारेकाकांची मात्र दोन दिवस आधीच जाहीर झाली होती. "लक्ष द्या! परवापासून मले मिशी नसन. ओळखाले चुकू नका!" ओट्यावर उभं राहून काका ओरडले होते.

त्यांचा उभा जन्म वाशीमच्या बसस्टँडवर माइकसमोर गेला. गाडीचा फलाट बदलला, की आधी सांगायचं. निवृत्तीनंतर माइक सुटला, खोड सुटली नाही. वरणाऐवजी पिठलं करायचं तरी काकूंनी आधी कळवलं पाहिजे. नाहीतर, "बदला ना, पण आधी सांगा!" काकू मूळच्या किन्हीराजाच्या, मुकाट्याने हसणाऱ्या.

मग काकूंच्या पित्ताशयात खडे निघाले. बिचाऱ्या पोट धरून कळवळायच्या. ऑपरेशन ठरलं, काकू उपाशीपोटी दवाखान्यात पोचल्या आणि तिथे कळलं, की विमा कंपनीने नियम बदललाय. पूर्वी भरती झाल्यावर कळवलं तरी चालायचं. आता मंजुरी आधी हवी. काकू तशाच कळा सोसत घरी.

काकांनी मला सोबत घेऊन कंपनीचं ऑफिस गाठलं.

"काका, बदल वेबसाइटवर टाकला होता," तिथला साहेब म्हणाला.

"असं? रिठदची गाडी दुसऱ्या फलाटावर लावून मी गप बसलो असतो, अन् गाडीची वाट पाहनाऱ्या म्हातारीले म्हनलं असतं वेबसाइट पाह्य, तं तिनं मले चपलेनं हानलं असतं! नियम तुमी बदलला, तं सांगाचं कोनी? पोट माह्या बायकोचं दुखून राह्यलं ना!"

आवाज असा, की रस्त्यावरचे दोघे-तिघे गाडी लागली समजून पिशव्या उचलून आत डोकावले. साहेबाने घाम पुसला. "कळवायला हवं होतं, चुकलंच," म्हणाला आणि वर फोन लावला. संध्याकाळी मंजुरी आली. मला तर टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

ऑपरेशनच्या दिवशी मात्र काकांच्या तोंडून शब्द फुटेना. स्ट्रेचर दाराशी आलं, तशी काकूंनी त्यांचा हात धरला. "बोला ना काही. साऱ्या जिल्ह्याले सांगत होते, मलेच काहून नाही?"

काका वाकले. तो दणदणीत आवाज इतका बारीक मी कधी ऐकला नव्हता.

"लक्ष द्या. किन्हीराजाच्या बाई आत जाऊन राह्यल्या. त्यायचा मानूस इथंच, याच दाराशी उभा राहीन. त्यात काही बदल नाही."