गॅरेजमधली चिली आणि नानांचं पान

आमच्या ऑफिसात दर वर्षी पानगळ सुरू झाली की चिलीची स्पर्धा असते. चिली म्हणजे मिरची नव्हे. दोन-तीन जातींचे राजमे, टोमॅटो, कांदा आणि बीफ असं सगळं स्लो कुकरमध्ये घालून दिवसभर रटरटत ठेवायचं, की संध्याकाळी जे घट्ट, तांबडं, वाफाळतं प्रकरण तयार होतं, ती चिली. स्लो कुकर म्हणजे विजेवर चालणारं, आत चिनी मातीचा जड हंडा असलेलं भांडं. ते आमच्या ऑफिसइतक्याच वेगानं काम करतं, फरक इतकाच की त्याचं काम शेवटी पूर्ण होतं.

मागची काही वर्षं मी त्या स्पर्धेला निव्वळ सात्त्विक राजमा नेत होतो. दर वर्षी आमचा टीम लीड ग्रेग एक चमचा खाऊन म्हणायचा, "व्हेरी नाइस, नॅरेन. आता मेन डिश कुठाय?" (माझं नाव नरेंद्र. पण माणूस तोंडात राजमा घेऊन बोलत असला की मी सुधारत बसत नाही.) या वर्षी मी ठरवलं की बीफ घालायचं. एवढाच काय तो निर्णय. लोक चांगल्या नोकऱ्या सोडतात, राहती घरं विकतात, त्यांचं काही बिघडत नाही. मी दुकानातून थोडं मांस आणलं आणि माझ्या घरामागच्या लाकडी डेकवर परलोक उतरला.

शुक्रवारी संध्याकाळी मी मांसाची पिशवी लॅपटॉपच्या बॅगेत लपवून घरात शिरलो, तर सासूबाई उडदाची डाळ भिजत घालत होत्या. त्या नाशिकहून चार महिन्यांसाठी आमच्याकडे अमेरिकेत, ट्रॉय गावी आल्या होत्या.

"उद्या सर्वपित्री," त्या म्हणाल्या. "नानांचं पान काढायचंय. उद्या कुठे जाऊ नका, नरेंद्रराव."

नाना म्हणजे माझे सासरे, पुरुषोत्तम. निवृत्त मुख्याध्यापक. चातुर्मासात कांदासुद्धा न खाणारे. त्यांना जाऊन दीड वर्ष झालं होतं. मागच्या वर्षी नाशिकला श्राद्ध केलं, तेव्हा गच्चीवर कावळे होते, पण पानाला एकही शिवला नाही. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून तो शिववला होता.

"दर्भाचं काही खरं नाही हो," आई म्हणाल्या (मी सासूबाईंना आईच म्हणतो). "त्यांचं काहीतरी मागे राहिलंय. काय ते मला कळत नाही. वर्षभर रात्री डोळ्याला डोळा नाही माझ्या."

हे बोलताना त्यांचा हात डाळीत तसाच थांबला होता. मला फार वाईट वाटलं. खरं तर त्याच क्षणी मांसाची पिशवी शेजाऱ्याला देऊन टाकायला हवी होती. पण दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी स्पर्धा होती, नाव दिलेलं होतं, आणि ग्रेगचा चेहरा डोळ्यांसमोर होता. मी विचार केला, श्राद्ध घरात आहे. गॅरेज म्हणजे काही घर नव्हे. तिथे गाडी राहते. (इतका शास्त्रार्थ आमच्या सात पिढ्यांत कुणी काढला नसेल.)

शनिवारी सगळ्यांच्या आधी उठून मी गॅरेजात, गवत कापायच्या मशीनमागे स्लो कुकर लावला. मांसाची चरबी, सालटी, सगळं मागच्या बाजूच्या कचऱ्याच्या डब्यात टाकलं. डब्याचं झाकण नीट बसत नाही, हे मला माहीत होतं. त्यानं पुढे काय होणार, ते मात्र माहीत नव्हतं.

दिवस विचित्रच उजाडला. आभाळ खाली आलेलं, वारा अजिबात नाही, मेपलची पानं एकेक करून आवाज न करता गळत होती. एरवी शनिवारी आमच्या गल्लीत कुणी ना कुणी पानं उडवायचं यंत्र लावून कान किटवतो. त्या दिवशी तेही नाही. बाराच्या सुमारास आईंनी केळीचं पान डेकच्या कठड्यावर ठेवलं. खीर, वडे, कढी, गवारीची भाजी, आमसुलाची चटणी, सगळं यथासांग. मग आम्ही चौघं, म्हणजे आई, माझी बायको आश्लेषा, मुलगी आन्या आणि मी, काचेच्या दाराआड वाट बघत बसलो. कावळा शिवल्याशिवाय आई जेवणार नव्हत्या, आणि त्यांना मधुमेह आहे. आश्लेषानं घड्याळाकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. जणू कावळ्यांचं खातं माझ्याकडे आहे.

आधी एक खार आली. तिला आईंनी चप्पल दाखवली. मग निळा पक्षी आला.

"ब्लू जे!" आन्या म्हणाली. "आजी, टेक्निकली ही इज अ कझिन ऑफ द क्रो."

"चुलतभाऊ नको," आई म्हणाल्या. "नानांचं चुलतभावांशी कधीच पटलं नाही."

आम्ही हसलो. आणि तेवढ्यात तो आवाज आला.

टक्. टक्. टक्.

आईंचा चेहरा पांढरा पडला. "ऐकलंत? काठी टेकत असेच यायचे ते." मग त्यांनी मान वर करून वास घेतला. "आणि हा वास कसला? शिजण्याचा आहे, पण आपल्या स्वयंपाकाचा नाही. आश्लेषा, घरात कुणीतरी आलंय."

मला ठाऊक होतं की ते स्लो कुकरचं झाकण वाफेनं वाजतंय. "मी बघून येतो," असं म्हणून मी गॅरेजात सटकलो आणि झाकणावर एक वीट ठेवली. झाकण गप्प झालं. मी सुटकेचा निःश्वास टाकला.

टक्. टक्. टक्.

आवाज माझ्या पाठीमागून येत होता. गॅरेजात दिवा लावला नव्हता. (श्राद्धाच्या दिवशी बीफ शिजवणारा माणूस दिवे लावत फिरत नाही.) मी वळलो. मागच्या भिंतीला एक हातभर खिडकी आहे. तिच्या काचेला चिकटून एक काळा डोळा माझ्याकडे बघत होता. पापणीही लवत नव्हती. डोळ्याखालच्या चोचीत पांढरं काहीतरी होतं. ते मीच सकाळी टाकलेल्या चरबीचं सालटं आहे, हे कळायला मला थोडा वेळ लागला. त्या वेळात मला येत असलेली सगळी स्तोत्रं मी म्हटली. मला दीडच येतं.

परत आलो, तर तिघी काचेला नाक लावून उभ्या होत्या. मागच्या अंगणातला मेपल काळा झाला होता. फांदीफांदीवर कावळे. इतके कावळे मी एका वेळी कधी पाहिले नव्हते. आणि एकही ओरडत नव्हता. कावळा गप्प बसलेला कुणी पाहिलाय? तिथे अख्खं झाड गप्प बसलं होतं.

त्यातला एक खाली उतरला. मोठा, मानेवरची पिसं थोडी विस्कटलेली. तो कठड्यावर, पानापासून दोन हातांवर बसला. त्यानं पानाकडे बघितलं. मग मान वळवून काचेतून थेट माझ्याकडे बघितलं. पानाला काही तो शिवेना.

आईंनी हात जोडले. "अहो, आश्लेषाचं छान चाललंय. नाशिकचा फ्लॅट मी विकणार नाही. तुमची पुस्तकं वाचनालयाला दिली." कावळा जागचा हलला नाही.

"आन्याला मराठी शिकवू, नाना," आश्लेषा रडवेली होऊन म्हणाली.

"ओके, बट नॉट ऑन वीकेंड्स," आन्या पुटपुटली.

कावळा माझ्याचकडे बघत होता. आईंच्या ते लक्षात आलं. "नरेंद्रराव, त्यांचा जीव तुमच्यात अडकलाय. काहीतरी कबूल करा."

"नाना, मी रोज चालायला जाईन," मी म्हणालो. कावळा हलला नाही. "वजन कमी करीन." त्यानं पंख झाडले, पण ते अविश्वासानं असावं. "आश्लेषाशी वाद घालणार नाही." इथे तर आश्लेषानंच माझ्याकडे अविश्वासानं बघितलं.

मग सगळं झाड उठलं. एकाही कावळ्यानं काव केलं नाही, फक्त पंखांची मोठी फडफड झाली आणि ते सगळे जाऊन गॅरेजच्या छपरावर बसले. छपरावर त्यांच्या नख्या वाजू लागल्या.

"तिथे काहीतरी आहे," आई म्हणाल्या. "ते दाखवतायत." आणि त्या पदर खोचून गॅरेजकडे निघाल्या.

मी त्यांच्या आधी धावलो. वीट फेकली, बागेतले हातमोजे चढवले, उकळता हंडा उचलला आणि मागच्या दारानं बाहेर पडलो. कुंपणापलीकडच्या झाडीत हंडा लपवायचा, एवढाच बेत होता. पण छपरावरचे कावळे माझ्या डोक्यावरून, माझ्याच वेगानं, अगदी मुकाट्यानं येऊ लागले. त्यांची सावली माझ्या आधी हिरवळीवर सरकत होती. मी वर बघत धावलो आणि बागेच्या पाइपात पाय अडकून पालथा पडलो. हंडा फुटला. राजमे, टोमॅटो आणि बीफ हिरवळीवर पसरलं, आणि माझ्या चारही बाजूंना कावळे उतरले. अंगाला पंखांचा वारा लागत होता. माझ्या बाहीवरचा एक तुकडा कुणीतरी टिपून नेला. मला वाटलं, संपलं. ग्रेगला निरोप कोण देणार?

तिघी धावत आल्या.

"काय होतं हे?" आईंनी विचारलं.

"राजमा," मी मातीतून म्हणालो.

"आजी, इट्स चिली," आन्या म्हणाली. अमेरिकेत वाढलेल्या मुलांना खरं बोलायला शाळेतच शिकवतात. "इट हॅज बीफ इन इट."

 आई डेकच्या पायरीवर जाऊन बसल्या. त्यांनी ओरडावं, निदान मला एखादा शब्द लागावा असा बोलावा, असं मला वाटत होतं.

"आता नाही कुणी शिवायचं," त्या शेवटी हळू आवाजात म्हणाल्या. "आले असतील ते. वास आला असेल, परत गेले असतील. मी काय तोंडानं जेवू?"

आश्लेषा त्यांच्याजवळ बसून रडायला लागली. माझ्याकडे तिनं बघितलंही नाही. आयुष्यात मला इतकी लाज कधी वाटली नव्हती. वर्षभर त्या बाईला झोप नव्हती, आणि मी तिच्या नवऱ्याच्या पानाशेजारी बक्षिसासाठी हंडा चढवला होता.

तेव्हा मला तो दिसला. मघाचा मोठा, विस्कटलेल्या मानेचा. सगळे कावळे हिरवळीवर तुटून पडले होते. हा एकटा कठड्यावर जसाच्या तसा बसला होता. चिलीकडे त्यानं ढुंकूनही बघितलं नव्हतं.

मी चिलीनं माखलेला तसाच उठलो आणि त्याच्यासमोर जाऊन उभा राहिलो. हात जोडले. "नाना, चूक माझी आहे. आईंना काहीच माहीत नव्हतं. मला काय ती शिक्षा करा, पण त्यांना जेवू द्या. त्या सकाळपासून उपाशी आहेत."

 मागे कावळ्यांच्या चोचींचा आवाज तेवढा येत होता. त्यानं मला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं. माझ्या शर्टावर एक राजमा चिकटला होता, त्यावर त्याची नजर जरा थांबली. मग त्यानं तोंड फिरवलं, दोन उड्यांत पानाशी गेला, खिरीत चोच बुडवली, एक वडा उचलला आणि मेपलवरून दूर निघून गेला.

"शिवला!" आई उभ्या राहिल्या. त्या हसत होत्या आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "आश्लेषा, पानं घे. शिवले गं!"

त्या इतक्या जेवल्या की आम्ही बघत राहिलो. मला मात्र अंघोळ करून ताटावर येईपर्यंत हुडहुडी भरत होती. शेवटी न राहवून मी विचारलं, "आई, एवढ्या कावळ्यांत तो एकच नाना, हे तुम्ही इतक्या खात्रीनं कसं म्हणता?"

आईंनी दुसरी वाटी खीर घेतली. त्यांचा चेहरा कितीतरी दिवसांनी शांत दिसत होता.

"अहो, बाकीचे सगळे तुमच्याकडे भुकेनं बघत होते," त्या म्हणाल्या. "हा एकटाच कीव आल्यासारखा बघत होता. तुम्ही मुलगी बघायला आलात ना, त्या दिवशी दार लावून घेताना नानांनी अगदी अस्संच बघितलं होतं."